मुकादमाचे कान

१ डिसेंबर, रविवार

शेठनी जानेवारीत दिलेली ही डायरी अकरा महिने कपाटात कपड्यांखाली पडून होती. आज काढली. कारण एकच. यंदा मिरची बोलत नाही, आणि एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तारीखवार लिहून ठेवलं तर दोष हवेचा की बियाण्याचा, ते तरी कळेल.

पुढे कोणाच्या हाती पडली तर (पडेल ती प्रतिभाच्याच, माझ्या बायकोला कपाटातलं सगळं सापडतं) म्हणून आधी ओळख. मी हेमराज, राहणार धानोरा, नंदुरबारला नवनीतशेठच्या मिरची पथारीवर मुकादम. पथारी म्हणजे ओली लाल मिरची पसरून उन्हात वाळवायचं मैदान. मिरची वाळली की नाही हे मी कानाने ठरवतो. मूठभर उचलायची, कानाशी नेऊन हलवायची. आत बी सुटलं असेल तर खुळखुळतं. त्याला आम्ही मिरची बोलली म्हणतो. लवकर भरली तर गोणीत बुरशी धरते, उशीर झाला तर रंग उतरतो आणि हाताळताना चुरा होतो. मधे एक दिवस असतो. तो दिवस मी सांगतो. शेठ बाहेरच्या व्यापाऱ्यांना सांगतात, आमच्याकडे मशीन नाही, हेमराजचा कान आहे. खोटं कशाला लिहू, हे ऐकलं की छाती फुगते.

आज कडेचा वाफा, म्हणजे पसरलेल्या मिरचीचा पट्टा, तिसऱ्यांदा हलवून पाहिला. मुकाच आहे.

४ डिसेंबर

हवा कोरडी, ऊन चांगलं. म्हणजे दोष हवेचा नाही. बियाणं बदललं असणार.

सकाळी घरून नंदुरबार अर्धा तास. दुपारनंतर उभी मिरची बघायला प्रकाशा, शहादा, कधी तळोदा. हंगामात दिवसाचे तीन तास मोटारसायकलवर जातात. पूर्वी हे तीन तास जीव खायचे. दीड वर्षापूर्वी काजलने सुरतेहून पहिल्या पगारात इयरफोन पाठवले आणि माझ्या फोनमध्ये दोनशे गाणी भरून दिली. पोरीने बापाचा रस्ता गोड केला. आपल्याकडची लग्नाची गाणी आहेत, जुनी सिनेमाची आहेत, भजनं आहेत. हेल्मेट चढवलं की वायर पोलिसालाही दिसत नाही.

साठच्या वर गाडी गेली की वारा हेल्मेटमध्ये शिरून गाणं खातो. मग मी आवाज पूर्ण चढवतो. फोन दर वेळी विचारतो, इतका आवाज कानांना बरा नाही, तरी वाढवू का? मी दर वेळी हो म्हणतो. फोन फार भित्रा आहे.

९ डिसेंबर

डाळ करपली. प्रतिभा म्हणते, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा असं सांगून मी शेजारी गेले होते. मी समोर बसून होतो, एकही शिट्टी झाली नाही. कुकर जुना झालाय. नवीन शिट्टी आणायची.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. रातकिडे कुठे गेले सगळे? कापसावर इतकी फवारणी करतात की किडेसुद्धा उरले नाहीत. प्रतिभाला म्हणालो तर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग काहीतरी बोलली. मी हो म्हणालो.

१५ डिसेंबर, रविवार

प्रतिभाला सारंगखेड्याच्या यात्रेला नेलं. एक इयरफोन काढून ठेवला, बायको मागे असताना दोन्ही घालणं शोभत नाही. घोडे पाहिले, तिने पोळपाट घेतला. परतताना तिने कमरेला असा चिमटा काढला की गाडी डुलली. मागून ट्रक येत होता.

"कवयना हॉर्न मारी ऱ्हायना तो," ती म्हणाली. "तुमन्हा ध्यान कथा शे?"

कधीचा वाजवतोय म्हणे. ट्रकवाल्याने हॉर्न मारलाच नसेल. हल्ली कोणी मारत नाही. घरी आल्यावर कानात कुईं असा आवाज बराच वेळ होता. थंडीचं असेल.

१९ डिसेंबर

गजराबाई आजपासून दोन आठवडे नाही, सुनेचं बाळंतपण आहे. पथारीवरच्या बायकांची ती पुढारीण. पाल्या मारणं म्हणजे मिरची उलटवणं, निवडणं, गोण्या शिवणं, सगळं तिच्या नजरेखाली चालतं. तिचं तोंड फार चालतं, तेवढाच दोष. जाताना म्हणाली, "भाऊ, कडना वाफा दोन दिवसमा वाळी जाई. ध्यान ठेवज्यात."

मी म्हटलं, "मुकादम तू शे का मी?"

ती हसली नाही. एरवी हसते.

२६ डिसेंबर

लिहायला मन होत नाही, तरी लिहितो.

कडेचा वाफा पाच दिवस ठेवला. रोज सकाळ-संध्याकाळ हलवून पाहिला, एकदाही बोलला नाही. आज नवनीतशेठ अचानक आले. खाली वाकून मूठभर उचलली, मूठ मिटली, उघडली. हातात लाल पूड आणि बी.

"हेमराजभाई, हाई काय शे? मिरची शे का भुसा?"

बायकांसमोर म्हणाले. मी बियाण्याचं सांगायला लागलो. शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाजूच्या पथारीवर हेच बियाणं आहे. मग गाडीत बसून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

येताना गाणं लावलं आणि आवाज पूर्ण ठेवला. डोक्यातलं काही ऐकू येऊ नये एवढंच हवं होतं.

२ जानेवारी

डायरी नवीन. शेठनी या वर्षीही दिली, पण हातात न देता टेबलावर ठेवली.

गजराबाई परत आली, पेढे घेऊन. नात झाली. मग आम्ही मधल्या वाफ्यावर गेलो. मी मूठभर मिरची कानाशी नेली, हलवली. काही नाही. नेहमीप्रमाणे मान वर केली, समोर गजराबाई उभी होती. तिने हनुवटी इवलीशी खाली केली. आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "भरा."

तो निघाल्यावर मी तिथेच थांबलो. काहीच ऐकू आलं नव्हतं. मग मी भरा कशावरून म्हणालो?

बायका गोण्या आणायला गेल्या. मी विचारलं, "गजराबाई, कवयपासून?"

तिने आधी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "दिवाळीपासून. तुमले आयकू येत नही, माले समजनं. तुम्ही मिरची हलाडतस आन् मन्हाकडे देखतस. मी मान हलाडस."

"माले सांगं का नही?"

"सांगं तं तुम्ही वरडतात. वरडू नहीत म्हनीसन मान हलाडी."

मला रागही आला नाही. मी म्हटलं, मी तर रोज ओरडतो तुमच्यावर, तरी का झाकलंस? ती म्हणाली, "तुम्ही वरडतस. पन बाईनी दुखनं सांगं तं सावलीमा बसाडतस. बाकीना मुकादम बसाडत नहीत."

एवढ्याशा गोष्टीवर या बाईने दोन महिने माझी लाज राखली. मी तिला उलट तोंडाळ म्हणत होतो. जुन्या डायरीतली पानं आता वाचली. कुकर, रातकिडे, ट्रक. प्रतिभाला पान दाखवलं तर म्हणाली, "माले वाटनं, तुम्ही मन्हं आयकतच नहीत." दीड वर्ष ती असं समजून माझ्याबरोबर राहिली.

६ जानेवारी

डॉक्टरांनी कान साफ करून चारुलता मॅडमकडे पाठवलं. त्या ऐकू येण्याची तपासणी करतात. कपाटाएवढी खोली, दार बंद केल्यावर स्वतःचा श्वास ऐकू येतो. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजांना मी पटापट दाबलं. मग बराच वेळ काही वाजेना. मला वाटलं मॅडम चहाला गेल्या. काचेतून पाहिलं तर त्या समोरच होत्या, एकामागून एक बारीक आवाज सोडत.

कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे, जाड आवाजांत, ठीक चालते आणि उजवीकडे, बारीक आवाजांत, विहिरीत पडावी तशी खाली जाते. शिट्टी, रातकिडे, बी खुळखुळणं, सगळं त्या उजव्या बाजूला.

मी म्हटलं, "गाण्यांनी गेलं ना?"

"एकट्या गाण्यांनी नाही," त्या म्हणाल्या. "किती वर्षं गाडी चालवता? वेगात वाऱ्याचाच आवाज कान खराब करण्याइतका असतो. हेल्मेट डोकं वाचवतं, तो आवाज फारसा अडवत नाही, मानेकडून आत येतो. तुम्ही त्या वाऱ्याच्या वर गाणं चढवलंत. म्हणजे दुप्पट."

परत येईल का, विचारलं. गेलेलं येत नाही म्हणाल्या, उरलेलं मात्र सगळं वाचवता येतं. यंत्र बसवण्याचं सहा महिन्यांनी पाहू. तोवर कोणी बोलताना समोर उभं राहून तोंडाकडे बघायचं, गाडीवर गाणं नाही आणि कानात फोमचे बोळे.

"बोळे घातल्यावर हॉर्न कसा ऐकू येणार?"

"गाणं लावल्यावर येत होता?"

प्रतिभा पदर तोंडाला लावून हसली. बाहेर आल्यावर मात्र रिक्षा स्टँडजवळ ती रडली. मी तिला म्हटलं, अगं, तुझा आवाज रेघेच्या बऱ्या बाजूला आहे. तेवढं खरंच बरं वाटलं होतं मला.

७ जानेवारी

मॅडमचे बोळे घालता येईनात म्हणून घरचा कापूस कोंबून निघालो. वारा तसाच आत आणि कापसाचा तंतू कानात. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कापूस वाऱ्याला अडवत नाही. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. तिसऱ्या वेळेला जमलं. प्रतिभा म्हणाली, वळताना तुम्ही तंबाखू मळणाऱ्यासारखे दिसता.

मग गाडी काढली आणि मी चकितच झालो. वाऱ्याचं ते भडभडणं कुठे गेलं? इंजिनाचा आवाज खालून, स्वच्छ. चेन सैल झाली आहे हे आज कळलं, किती दिवसांपासून आहे कोण जाणे. मागून बसने हॉर्न दिला तो लांबून आल्यासारखा, पण आला. मी बाजूला झालो. नंदुरबारला उतरलो तेव्हा डोकं दुखत नव्हतं. रोज दुखायचं, आणि मी ते मिरचीच्या ठसक्यावर ढकलायचो.

१० जानेवारी

काजलचा फोन. आईने सगळं सांगितलेलं दिसतं. पोरगी हुंदके देत होती, मीच दिले पप्पा, मीच दिले.

तिला म्हटलं, तू गाणी दिलीस, आवाज मी चढवला. फोनसुद्धा नको म्हणत होता. त्या दोनशे गाण्यांनी मला दीड वर्ष एकटं पडू दिलं नाही, त्याबद्दल तुझ्यावर राग धरू होय? आता गाणी घरी ऐकतो, संध्याकाळी, फोन ओट्यावर ठेवून. प्रतिभालाही ऐकू येतात. तिला त्यातली निम्मी पाठ आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

काजलने समजावत समजावत माझ्याच हाताने फोनमध्ये आवाजाची हद्द घालून घेतली. तिचा आकडा टाकल्याशिवाय ती उघडत नाही. तो तिने आईकडून टाकून घेतला, मला सांगणार नाही म्हणाली.

गाडीवर आता मी स्वतःच गातो. बोळ्यांमुळे माझा आवाज मला फार भारदस्त वाटतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाला. आता मनातलं लिहितो, कारण इथे खोटं लिहिलं तर कुठे खरं लिहिणार?

कालपासून वाटतंय, शेठना सांगावंच कशाला? गजराबाई मान हलवेल, मी भरा म्हणेन. दोन महिने चाललं, पुढेही चालेल. ती बोलणार नाही. मुकादमी गेली तर या वयात मला नव्याने कोण ठेवेल? आणि मुकादमीपेक्षाही, हेमराजचा कान म्हणतात ते गेलं तर माझ्याकडे उरलं काय?

पण ती नव्हती तेव्हा एक वाफा गेला. ती पुन्हा सुट्टीवर गेली, तर? आणि काम तिचं असताना नाव माझं, हे कळून केलं तर चोरी. न कळता होत होतं तोवर निराळं होतं.

प्रतिभाला विचारलं. ती म्हणाली, "माले नका विचारू. तुमले माहीत शे."

१८ जानेवारी

आधी गजराबाईला सांगितलं. ती घाबरली. "मन्हं नाव नका घालू भाऊ. उद्या बिघडनं तं मन्हा बोकांडी बसी."

मी म्हटलं, "बिघडनं तं मन्हं. सुधरनं तं तुन्हं."

तिला घेऊनच शेठच्या ऑफिसात गेलो. चारुलता मॅडमचा कागद टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. डिसेंबरचा वाफा माझ्या कानांमुळे गेला, दिवाळीपासूनचे बाकी सगळे हिच्यामुळे वाचले. शेठनी कागद उचलून वाचला.

"मग आता आपला कान कुठे?"

"हिच्याकडे."

"रोजाने येणारी बाई माझ्या मालाचा दिवस ठरवणार?"

"ती ठरवतेच आहे, शेठ. मी नुसता मोठ्याने सांगत होतो."

ते पेनचं टोपण उघडझाप करू लागले. शेवटी म्हणाले, "एक लॉट बघतो. हा मधला मोठा. तो नीट निघाला तर ती मिरची बघेल, तू माणसं आणि खरेदी बघ. नाही निघाला, तर दोघांचं बघू."

बाहेर आलो. गजराबाई म्हणाली, "भाऊ, दोघंसनं बोलना ते." मी म्हटलं, होय, दोघांचं.

२३ जानेवारी

आज माल न्यायला ट्रक आला. शेठनी सकाळी फोनवरच सांगितलं होतं, दुपारपर्यंत भरून टाका, गिऱ्हाईक थांबलंय. मिरची दिसायला सुरेख, गर्द लाल, सुरकुतलेली. ड्रायव्हरने मागचा फाळका पाडून ठेवला. बायका गोण्या घेऊन उभ्या.

गजराबाईने चार ठिकाणची मूठ उचलली. कानाशी नेली, डोळे मिटून हलवली. मग डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखली. दोन महिने मीच तिच्याकडे तसा बघत होतो. मी मान हलवली असती तर तिने भरा म्हटलं असतं, ट्रक गेला असता, सगळे सुटले असते. पण मला काय माहीत होतं? मी हात मागे बांधले आणि मान ताठ ठेवली. तिने हातातली मिरची खाली टाकली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजून नही. दोन दिवस."

ड्रायव्हर माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "ती सांगस तेच. गाडी जाऊ द्या."

शेठना फोन केला. पलीकडून जे आलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि निम्मं कळलं तेवढं पुरे होतं. मी एवढंच म्हणालो, शेठ, मिरची तयार नाही. ट्रक रिकामा गेला. बायकांनी मिळून पुन्हा पाली मारायला घेतली. मीही घेतली. पाठ अजून दुखते आहे.

२५ जानेवारी

आज दुपारी तिने सांगितलं, आम्ही भरली.

संध्याकाळी शेठ आले. शिवलेली गोणी उसवायला लावली, कोपरापर्यंत हात घातला. खालची मिरची काढली, वाकवली. ती वाकली, तुटली नाही. वास घेतला. आणखी दोन गोण्या उसवल्या. मी बाजूलाच उभा होतो.

मग शेठ वळले आणि म्हणाले, "गजराबाई, पुढचा वाफा कधी?"

माझ्याकडे पाहिलंही नाही. एकोणीस वर्षं हा प्रश्न मला विचारला जायचा. छातीत एकदा कळ आली, ती लपवून काय करू? डोळेही भरले. पण गजराबाई उत्तर द्यायला लागली. ऊन किती हवं, दव कुठे धरतं, कडेचा आधी की मधला, अशी सविस्तर, जराही न घाबरता. मॅडमनी सांगितलंय तसं मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो, तोंडाकडे बघत. शेवटपर्यंत ऐकलं. तिचा शब्दन् शब्द मला कळला.